अफसाना मॅडमचे शनिवारचे तास

अफसाना शाळेत रुजू झाली त्या दिवशी हेडमास्तर पोले सरांनी तिच्या हातात वेळापत्रक ठेवलं आणि म्हणाले, "मॅडम, विज्ञान तुमच्याकडं. आन् शनिवारचे शेवटचे दोन तास कार्यानुभव. त्याचं काही टेन्शन घेऊ नका. पोरांकडून मैदान झाडून घ्यायचं, पोरींकडून वर्ग पुसून घ्यायचे, घंटा झाली की सोडून द्यायचं."

"पण सर, कार्यानुभवात स्वयंपाक आहे, आहार आहे, शिवणकाम आहे."

"पुस्तकात हाये," पोले सर मायेनं हसले. माणूस वाईट नव्हता. पस्तिशीच्या आत कुणी नवं माणूस शाळेत आलं की ते आधी असंच बोलतं आणि दिवाळीपर्यंत निवतं, एवढा त्यांचा अनुभव होता.

अफसाना निवणाऱ्यांतली नव्हती. कळमनुरीच्या बाजारगल्लीत तिच्या वडिलांचं, जहांगीरचं, शिवणाचं दुकान. लहानपणी कापड बेतायच्या टेबलाखाली चिंध्यांच्या ढिगात तिचं घर असायचं. वर अब्बाची कात्री करकर चालायची आणि खाली ही बाहुलीला सलवार शिवायची. आई अख्तरी स्वयंपाकात कडक. कांदा जाड चिरला तर परत टोपलीत टाकता येत नाही म्हणून ती तो लेकीच्याच ताटात वाढायची. बारावीनंतर अफसानानं परभणीला जाऊन गृहविज्ञान शिकायचं ठरवलं तेव्हा सगळे नातेवाईक हसले. स्वयंपाक शिकायला कॉलेज? घरात चूल नाही का? जहांगीर मशीनवरून मान न उचलता म्हणाला, "मैं भी उस्ताद के पास बैठ के सीखा. माँ के पेट से सीख के नै आया." तेवढ्यावर विषय मिटला.

पुढं तिनं बी.एड. केलं, हिंगोलीत मोबाइलचं दुकान चालवणाऱ्या आसिफशी तिचं लग्न झालं आणि वाशीम रस्त्यावर कनेरगाव नाक्यापासून आत असलेल्या या गावच्या शाळेत ती लागली. सकाळची एसटी नाक्यावर उतरवायची. तिथून ढाब्यांच्या मागनं सोयाबीन आणि हळदीच्या शेतांमधून काळीपिवळी गाडी गावात आणायची. पावसाळ्यात ती गाडी चिखलात बसली की मास्तर, मास्तरीण, दूधवाला सगळे उतरून ढकलायचे.

शाळेच्या मागं एक कोंदट खोली होती. मोडक्या बाकांच्या ढिगाखाली तिथं दोन पायमशीन निघाल्या. कधीकाळी कुठल्याशा योजनेतून आल्या होत्या म्हणे. एकीचं चाक फिरत नव्हतं. दुसरीच्या खणात शाळेची खिचडी शिजवणाऱ्या रूपाबाईची कोंबडी अंड्यावर बसलेली होती.

"मॅडम, तिला उठवू नका बरं," रूपाबाई दारातूनच ओरडली. "पिल्लं निघूस्तोर दम धरा."

अफसानानं दम धरला. पिल्लं निघाल्यावरच्या रविवारी तिनं अब्बाला बोलावून घेतलं. जहांगीर तेलाची कुपी आणि पेचकस घेऊन आला, दोन्ही मशीन त्यानं उघड्या केल्या, चाकावर कान ठेवला, फुंकर मारली, घासलं, पुसलं, आणि उन्हं कलताना पायडलावर पाय ठेवला. मशीन खडखडली, थांबली, आणि मग सुरात चालू लागली.

"जंग लगा था," तो म्हणाला. "मरी नै थी."

*

तास सुरू झाले, पण फक्त मुलींचे. मुलगे आधीसारखेच मैदान झाडत. अफसानानं पोले सरांना विचारून पाहिलं होतं.

"मॅडम, गावाचा विचार करा," सर म्हणाले होते. "पोरगं घरी जाऊन सांगंल, आज म्या कणीक मळली. उद्या त्याचा बाप काठी घेऊन शाळेत."

गावात आपण नवे, आपलं नावही गावातल्या नावांपेक्षा वेगळं. पहिल्याच वर्षी वाद नको, असं म्हणून तिनं ते मान्य केलं. मुली आल्या. त्यांनी टीप घातली, काज केलं, जवसाची चटणी कुटली, पालेभाजीवर लिंबू का पिळायचं ते ऐकलं. सगळं ठीक चाललं होतं. मग एका शनिवारी नववीतली पुनम पाट्यावरून उठली, हात कमरेला पुसले आणि म्हणाली, "मॅडम, एक इचारू? घरीबी आमीच, हितंबी आमीच. मंग आमी शाळेत काहून यायचं?"

बाकीच्या पोरी खुदकन हसल्या. अफसानाही हसली, पण परतीच्या एसटीत ते वाक्य तिच्या शेजारी बसून हिंगोलीपर्यंत आलं. घरी आसिफ तिची वाट बघत होता. भूक लागली होती त्याला. समोर डब्यात पीठ होतं, टोपलीत वांगी होती, गॅस होता. तिनं त्याच्याकडं बघितलं, वांग्याकडं बघितलं, आणि तिला पुनमचं म्हणणं आणखीच पटलं.

पण पटून काय करणार? वाट सापडली ती कबड्डीच्या मैदानात.

शाळेत शेजारच्या गावाच्या संघाशी सामना होता. आपल्या संघाचा हुकमी चढाईपटू म्हणजे सोमेश्वर, नववीचाच. अंगानं काटक, पायानं हरीण. शेवटच्या मिनिटांत गुण बरोबरीत असताना तो चढाईला गेला, एका गड्याला शिवला, मागं फिरला, उडी मारली आणि मधल्या रेषेच्या हातभर अलीकडं त्याची चड्डी मागून टर्रकन फाटली. मैदानभर आवाज गेला. सोमेश्वरानं दोन्ही हात मागं नेले. हात मागं असलेला गडी काय रेषा ओलांडणार? चौघांनी त्याला जागेवर उचलला. सामना गेला.

सोमवारी मधल्या सुट्टीत तो कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन मागच्या खोलीच्या दारात उभा राहिला.

"मॅडम, एवढी चड्डी जरा टाका मारून द्या ना."

"शिवून नाही देणार. शिवायला शिकवीन. शनिवारी ये."

सोमेश्वर कानापर्यंत लाल झाला. "पोरीसमोर?"

"पोरींसमोर फाटली तेव्हा चाललं?"

तो शनिवारी आला. मैदान झाडणाऱ्या पोरांना त्यानं सांगितलं, मॅडमनी बाक उचलायला बोलावलंय. खोलीत तो एका कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून बसला आणि सुई अशी धरली की जणू बैलाला टोचायची आहे. पुनमनं लांबून बराच वेळ पाहिलं. शेवटी तिला राहवलं नाही.

"हा टाका हाये का नांगरट?" तिनं चड्डी त्याच्या हातातून ओढून सगळा दोरा उसवला. "उलटा टाका घाल. म्होरं गेली सुई की जरा मागं ये, मंग परत म्होरं. तुह्या कबड्डीवानी. चढाईला जाऊन मागं यायचं."

ते सोमेश्वराला बरोबर कळलं. घंटा व्हायच्या आत शिवण सरळ उतरली, आणि ती इतकी पक्की होती की त्यानं ती दोन्ही हातांनी ताणून सगळ्या पोरींना दाखवली.

बाक उचलायला पुढच्या शनिवारी आणखी तिघं आले. त्यांच्या कापडी पिशव्यांतून चड्ड्या, शर्ट, एकाच्या बापाचा सदरा निघाला. त्यानंतर संघच आला. मैदान झाडायला कुणी उरलं नाही तेव्हा पोले सर मागच्या खोलीत डोकावले. बटण लावणारी ती रांग बघून ते दारात थांबले, त्यांनी स्वतःच्या सदऱ्याच्या लोंबणाऱ्या बटणाकडं बघितलं, आणि तेही आत येऊन रांगेत बसले.

*

शिवणातून स्वयंपाकाकडं जायला फार वेळ लागला नाही. एकदा सुईत दोरा ओवताना संघातल्या एका पोराचे हात थरथरताना अफसानाला दिसले.

"सकाळी काय खाल्लं?"

"चहा."

"आणि?"

"चहात टोस."

तिनं सगळ्यांना विचारलं. कुणी चहा-टोस्ट, कुणी पाकिटातले तिखट नळे, कुणी काहीच नाही. आणि ही पोरं दुपारी उन्हात चढाया करत होती. गावात घरोघर सोयाबीनच्या थप्प्या लागलेल्या, पण ताटात त्याचा दाणा नाही. ते विकायचं पीक, खायचं नव्हे, असा समज. अफसाना म्हणाली, "तुम्हाला पाय पाहिजेत ना हरणाचे? मग हरणासारखं खायला तरी शिका."

पहिला प्रयोग फसला. सोयाबीन उकडून, वाळवून, भाजून मगच दळायचं असं तिनं सांगितलं होतं, पोरांना घाई. त्यांनी ते तसंच दळून आणलं. भाकरीला असा हिरवट वास आला की रूपाबाईच्या कोंबडीनंही तिच्याकडं पाठ केली. पुढच्या वेळी नीट केलं. ज्वारीच्या पिठात थोडं ते पीठ, वर कारळाची चटणी, आणि अंबाडीची भाजी. रूपाबाईनं आपली चूल दिली, पण अटीवर: "पोरं आत आली तर चपला भायेर, आन् माझ्या डब्याला हात न्हाई."

भाकरी थापताना सोमेश्वराचा हात विलक्षण बसला. पहिली नकाशासारखी झाली, दुसरी फाटली, तिसरी मात्र परातीत गरगर फिरू लागली. त्याला त्याची चटक लागली. एका संध्याकाळी आई शेतातून यायची होती, तर यानं घरी चूल पेटवून भाकरी टाकल्या. आणि नेमकं तेव्हा त्याचे आजोबा दारातून आत आले.

सोमेश्वराचे आजोबा म्हणजे माणिकराव. पंचक्रोशीत कुठं सप्ता असो, लग्न असो, दहावं असो, कढई माणिकरावांच्या हाती. त्यांच्या वरणाच्या चवीची आठवण लोक वर्षवर्षभर काढत. पांढरं धोतर, खांद्यावर पंचा, मिशा पिळदार. नातवाला परातीपुढं बघून त्यांनी पंचा झटकला आणि विचारलं, "ह्ये कुणी शिकिवलं?"

"मॅडमनी."

शनिवारी ते शाळेत आले. पोले सरांनी त्यांना लांबून ओळखलं आणि एकदम काहीतरी महत्त्वाचं आठवल्यासारखे ऑफिसात गेले.

"कोन हाये ती मॅडम?" माणिकराव रूपाबाईच्या चुलीपाशी येऊन गरजले. "माह्या नातवाला बाई करून राहिली काय?"

सगळी पोरं उभी राहिली. ओढणी सावरत अफसाना पुढं झाली. "आबा, नमस्कार. बसा ना. पाणी घ्या."

"बसाया न्हाई आलो. सोमेश्वर, चल घरी."

सोमेश्वर तव्यापुढं बसलेला. त्याच्या हातात उलथनं, तव्यावर भाकरी, आणि मन आजोबांकडं. भाकरीतून धूर निघाला. माणिकरावांचं लक्ष तिकडं गेलं. काय बोलायचं ते विसरले.

"आरं, जाळ कमी कर! पापुद्रा जळून राहिला. लाकूड मागं वढ. व्हय. आता फिरव. आसं न्हाई रं, बोटानं फिरव. हट, बाजूला सरक."

ते धोतर सावरून खाली बसले, भाकरी तव्यावरून काढून निखाऱ्यांवर उभी धरली, आणि ती टम्म फुगली. पोरांनी श्वास सोडला. तेवढ्यात मागून पुनमचा आवाज आला.

"आबा, सप्त्यात गावाचं वरण तुमी करता, तवा तुमी बाई व्हता का?"

अफसानाला वाटलं, संपलं. आता हा म्हातारा उठणार, गावात जाणार आणि मागची खोली पुन्हा कोंबडीची होणार. माणिकरावांनी हळूच मान वळवली.

"ही कुणाची पोरगी?"

"द्वारकाबाईची," कुणीतरी सांगितलं.

"मंग बराबर हाये," ते म्हणाले, आणि त्यांच्या मिशा हलू लागल्या. "मायबी अशीच तोंडाळ हाये तिची." आणि ते हसले, पोट हलेपर्यंत हसले. मग अफसानाकडं वळून म्हणाले, "मॅडम, शिकवायचं तर नीट शिकवा. ह्या जाळावर भाकर व्हत असती का? म्या दाखवितो."

त्यानंतर शनिवारी माणिकराव शिक्षकांच्या आधी हजर असत.

*

दोघांचं जमलं, पण एका गोष्टीवर दर शनिवारी खटका. अफसाना मापानं चाले: इतक्या डाळीला इतकं पाणी, इतकं मीठ, आणि स्वच्छ चमच्यानं चव बघायची. माणिकराव मुठीनं चालत आणि चव बघायचं नाव काढू देत नसत. "निवदाच्या आधी उष्टं करायचं न्हाई. आचाऱ्याला वासावरून कळाया पायजे."

डिसेंबरात पालक मेळावा आला. दरवर्षी पालकांना चहा आणि भाषण मिळे. या वर्षी पोले सरांनीच धाडस केलं: नववीची मुलं-मुली जेवण रांधतील. वरण, भात, पोळ्या, वांग्याची भाजी. माणिकरावांनी सप्त्याची कढई आणली. कबड्डीचा संघ परातीवर परात कणीक मळत होता, पुनमचा गट वरणावर होता, मुली-मुलगे मिळून वांगी चिरत होते. त्या दिवशी नैवेद्य दाखवायचा होता, म्हणून चवीच्या बाबतीत अफसानानं आबांचं ऐकलं.

पटांगणात पंगत बसली; पोळ्या गरम वाढायच्या म्हणून कणीक अजून तशीच ठेवली होती. पोले सरांचं भाषण झालं. नैवेद्य झाला. आणि वरण वाढायला कढईतून काढण्याआधी पुनमनं पळीला लागलेलं वरण बोटावर घेऊन जिभेला लावलं. तिचं तोंड असं झालं की अफसाना धावतच आली.

तिनं चाखलं. खारट. साधं खारट नव्हे, समुद्र.

"मीठ किती घातलं?"

"तुमी सांगितलं तेवढंच, मापानं."

अफसानानं माणिकरावांकडं बघितलं. माणिकरावांनी कढईकडं बघितलं.

"म्या बी टाकलं," ते हळू आवाजात म्हणाले. "येता जाता. सवय हाये हाताची. मला वाटलं, पोरं इसरली असतील." त्यांचा हात मिशीकडं गेला आणि अर्ध्यात थांबला. एवढ्या वर्षांत त्यांची कढई कधी बिघडली नव्हती, आणि बिघडली ती गावातल्या सगळ्या मायबापांसमोर. "टाकून द्या मॅडम. लोकांला भाजी-पोळी वाढा. म्या सांगतो त्याईला."

अफसानाच्या डोक्यात त्या क्षणी एकदम अम्मीचं स्वयंपाकघर उभं राहिलं. जाड चिरलेला कांदासुद्धा टाकून न देणारं. वाया घालवायचं नाही. खारट रसाला काय लागतं? मीठ पिऊन घेणारं काहीतरी. ती परातींकडं वळली.

"कणकेत मीठ कुणी घातलं?"

कबड्डीच्या संघानं एकमेकांकडं बघितलं. सोमेश्वर पुढं आला, मान खाली. "मॅडम, चुकलं. मीठ टाकायचं इसरलो आमी."

"शाब्बास!" अफसाना इतक्या जोरात ओरडली की पंगतीतली माणसं वळून बघू लागली. "पोळ्या करायच्या नाहीत. चकोल्या करायच्या. आबा, वरणात पाणी वाढवा, चिंचेचा कोळ घाला, गूळ घाला. पुनम, तुझा गट लाटायला बसू दे. पोरांनो, शंकरपाळ्यासारखे तुकडे कापा आणि सोडा वरणात. चला!"

वरणफळं, चकोल्या, गरिबाघरचं, आजारपणातलं, पावसाळी संध्याकाळचं जेवण. पण ते एवढ्या माणसांचं करायचं म्हणजे लाटणी किती लागणार? शाळेत मोजकीच. पोरांनी पाण्याच्या बाटल्या पुसून लाटणी केली. तरी हात पुरेनात. पंगत चुळबुळ करू लागली. पहिल्यांदा उठली ती द्वारकाबाई, पुनमची आई. पदर खोचत ती म्हणाली, "काय बघत बसायचं? चला गं." तिच्यामागं बायका उठल्या. आता पंगतीत उरले पुरुष, पत्रावळी समोर ठेवून.

माणिकरावांनी कढईजवळून आरोळी ठोकली, "काहो, पाव्हणे हायेत का तुमी? हात धुवा आन् कापायला बसा! लगनात बुंदी पाडता तवा लाज वाटत न्हाई तुमाला!"

एकजण उठला, मग दुसरा, मग हसत-ढकलत सगळेच. आपापल्या लेकराशेजारी बाप बसले. कुणाचा तुकडा लांबोडका, कुणाचा त्रिकोणी. एका बापानं आपल्या पोराला विचारलं, "किती जाड ठिवू रं?" आणि पोरानं गंभीरपणे सांगितलं, "पातळ करा बा. जाड ऱ्हायलं तर मधी कच्चं राहतंय." तो बाप आपल्या पोराकडं असा बघत राहिला की जणू त्याला पहिल्यांदाच भेटत होता. पोले सर बाह्या सरसावून बाटलीनं लाटत होते आणि त्यांच्या नाकावर पीठ होतं. कुणीही त्यांना ते सांगितलं नाही.

वरण उकळलं. तुकडे वर आले, मऊ झाले, मीठ त्यांनी पिऊन घेतलं. या वेळी माणिकरावांनी स्वतः पळी उचलली, चमचा मागितला, आणि अफसानासमोर धरून म्हणाले, "मॅडम, तुमी चाखा आदी."

तिनं चाखलं. मग त्यांनी. मग दोघांनीही एकमेकांकडं बघून मान हलवली.

गरम चकोल्या, वर तूप, बाजूला वांग्याची भाजी. लोकांनी तीनतीनदा मागून घेतल्या. जेवणं उरकताना माणिकराव पंगतीच्या मध्ये उभे राहिले आणि पंचा खांद्यावर टाकून म्हणाले, "ऐका. ह्या चकोल्या बेतात नव्हत्या. मीठ दुबार पडलं व्हतं. एक मॅडमचं, एक माहं. पण सांगतो, बिघडल्यावर सुधरायला माह्या गुरूनंबी मला शिकिवलं न्हाई. ते ही पोरं हितं शिकून राहिलीत."

टाळ्या वाजल्या. अफसानाला पहिल्यांदा वाटलं की या गावात आपण काळीपिवळीनं येऊन जाणारी बाई उरलो नाही. तिनं डोळे पुसले. लिंबू पिळताना उडालं असं रूपाबाईला सांगितलं.

*

पुढल्या जूनमध्ये वेळापत्रकात पोले सरांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं: कार्यानुभव, मुले व मुली एकत्र. मैदान सगळे मिळून सोमवारी झाडतात. माणिकराव शनिवारी येतात, आणि मीठ घालण्याआधी मोठ्यानं ओरडतात, "मीठ पडलं का?" सगळा वर्ग ओरडून उत्तर देतो. पोरांनी कबड्डीच्या गंजीफ्राकांवर नंबर स्वतः शिवले. आठाचा आकडा सगळ्यांना जड गेला, तो पुनमनं कापून दिला. त्या वर्षी संघ तालुक्याला एक सामना जिंकला, दोन हरला. हरले तेव्हाही परत येताना गाडीत भाकरी-चटणीचे डबे उघडून ते इतक्या मजेत होते की चालकाला वाटलं, हेच जिंकलेत.

घरी आसिफ वांग्याचं भरीत करायला शिकला. तो त्याचा अजून कोळसा करतो, पण करतो.

पुनम दहावी, मग बारावी झाली आणि तिनंही परभणीला गृहविज्ञानाला प्रवेश घेतला. तिला पोचवायला द्वारकाबाई निघाली, आणि सोबतीला अफसाना. औंढ्याला बस नागनाथाच्या भाविकांनी भरली. तिघी एकाच बाकावर दाटीवाटीनं बसल्या, पुनमच्या मांडीवर तिनं स्वतः शिवलेली जाडजूड पिशवी. जिंतूर मागं पडल्यावर द्वारकाबाईनं हळूच विचारलं, "मॅडम, एक इचारू? चार वर्सं तितं शिकून ही व्हईल काय?"

"दवाखान्यात आजारी माणसाला काय खायचं ते सांगणारी होईल. नाहीतर कापडाच्या कारखान्यात जाईल. नाहीतर माझ्यासारखी मास्तरीण."

"आन् घरी? सैपाक तर करंल ना?"

पुनमनं खिडकीतून तोंड आत घेतलं. "आई, करीन की. पण एक दिस म्या, एक दिस त्यो."

"त्यो कोन?"

"जो असंल त्यो. त्याला आदी भाकर थापून दाखवायला सांगीन, मंग बघू."

द्वारकाबाईनं पदर तोंडाला लावला, पण हसू काही पदरात मावलं नाही. ती इतकी खदखदून हसली की पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्यानं कंडक्टरला विचारलं, काय झालं. बस वळणावर कलली, तशी पुनमची पिशवी घसरली. अफसानानं ती धरली आणि तिच्या कडेची शिवण बोटानं चाचपून बघितली. उलटा टाका. सरळ, दाट, पक्का.

"परभणी किती लांब ऱ्हायली, मॅडम?" पुनमनं विचारलं.

"आलीच," अफसाना म्हणाली. "भूक लागली का? डबा काढ. मीच केलाय, आणि मीठ दोनदा चाखून घातलंय."